‘एवढ्याशा विषयावर पीएच.डी. कशाला?’

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत आहे आणि भ्रूणाचे हृदय घडत असताना पेशींच्या पृष्ठभागावर कोणती प्रोटिओग्लायकन्स (साखरेच्या लांब साखळ्या जोडलेली प्रथिने) केव्हा दिसू लागतात, यावर तिला पीएच.डी. करायची आहे. ‘इतक्या बारीक विषयाला पुढे कोण विचारणार?’ असे आपण लिहिता.

आधी विषयाबद्दल. सुरुवातीला हृदय म्हणजे एक नळी असते. तिचे आतले अस्तर आणि बाहेरचा स्नायूंचा थर यांच्यामध्ये जेलीसारखा पदार्थ असतो. जिथे पुढे झडपा व्हायच्या असतात, तिथल्या अस्तरातील काही पेशी सुट्या होऊन या जेलीत शिरतात. त्यांना तसे करायला लावणाऱ्या संदेशात बीटाग्लायकन या प्रोटिओग्लायकनचा हात असतो. कोंबडीच्या भ्रूणातील ऊतीत प्रतिपिंडांनी (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रथिनांनी) त्याला अडवले, तेव्हा पेशींचे हे रूपांतर आणि स्थलांतर रोखले गेले. माणसातही ग्लिपिकन-3 या दुसऱ्या प्रोटिओग्लायकनच्या जनुकात बिघाड झाल्यास सिम्पसन-गोलाबी-बेहमेल हा विकार होतो आणि त्यात जन्मजात हृदयदोष आढळतात. तेव्हा विषय बारीक असला, तरी बिनकामाचा नाही.

नोकरीची आपली काळजी मात्र रास्त आहे, कारण या नावाची जागा कोणत्याही जाहिरातीत निघणार नाही. निवड होते ती हातातल्या कौशल्यावर: ऊतीचे पातळ छेद घेणे, प्रतिपिंडांनी प्रथिने रंगवणे, कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर (लेसरने एकेका पातळीची स्पष्ट प्रतिमा देणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) प्रतिमा घेणे, आरएनएचे मोजमाप करणे. औषधनिर्मिती आणि निदान क्षेत्रातील प्रयोगशाळांनाही हेच लागते. म्हणून विषयाच्या नावावर अडून न बसता विकासात्मक जीवशास्त्रातील (भ्रूणापासून शरीर कसे घडते, याच्या अभ्यासातील) चांगला मार्गदर्शक शोधावा, असे मी सुचवीन; हृदयाऐवजी माशाचा पर कसा घडतो, यावरचे काम मिळाले तरी हरकत नाही. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था व आयसर, मुंबईची टीआयएफआर आणि बंगळुरूची एनसीबीएस या संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर कोण काय करते, ते तिने वाचावे.

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास 2023 पासूनच्या दराने दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. पाच-सहा वर्षे मात्र धरून चाला (आणि तेवढ्या काळात ‘कधी संपणार?’ हा प्रश्न नातेवाइकांना विचारू देऊ नका).

प्रात्यक्षिकात 33 तास उबवलेल्या चिक एम्ब्रियोची (कोंबडीच्या भ्रूणाची) तयार स्लाइड तिने पाहिली असेलच. आता उन्हाळी प्रकल्पासाठी एखाद्या प्रयोगशाळेत अर्ज करावा, तिथे उबवलेल्या अंड्यातून ताजा भ्रूण फिल्टर पेपरच्या कड्यावर न फाटता उचलून पाहावा, आणि तेच काम रोज करायला आवडते का, ते ठरवून मगच नेटचा अर्ज भरावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक