‘सौ. जाऊन शाकारून येते’

पत्र, थोडक्यात: वडिलांनी वेंगुर्ल्याला बांधलेलं स्वतंत्र घर आहे. जांभ्याचं, कौलारू, ११ गुंठ्यांत. विहीर, नारळाची ९ झाडं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. वडील जाऊन १७ वर्षं झाली. आम्ही सांगलीत विश्रामबागेत, थोरले बंधू पुण्यात. त्यांना घर विकायचंय, गिऱ्हाईकही आलंय. माझा जीव त्या घरात अडकलाय. सौ. दरवर्षी मे महिन्यात जाऊन शाकारून येते, त्यामुळे घर सुस्थितीत आहे. बंधूंना पैशापुढे काही दिसत नाही. त्यांची समजूत कशी घालू?

उत्तर:

तुमचं मूळ पत्र साडेतीन पानी. दोन पानं भावावर, एक वडिलांवर, आठ ओळी दारातल्या सोनचाफ्यावर. बायकोवर एक वाक्य, आणि तेही घराची तारीफ करताना.

त्या वाक्यातले दोनच शब्द घेते. ‘जाऊन’ म्हणजे सांगलीहून कोल्हापूर, तिथून आजरा, मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्लं. ऐन मे महिन्यात. १७ वेळा. तुम्ही सोबत गेल्याचा उल्लेख पत्रात कुठं सापडला नाही. मी दोनदा वाचलं.

आता ‘शाकारून’, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं उतरवून, साफ करून पुन्हा बसवणं. माझं माहेर कोकणातलं, म्हणून मला या शब्दाचं वजन माहीत आहे. मे उतरणीला लागला की अख्ख्या वाडीला तेच दोन गडी हवे असतात, त्यांच्यामागे आधी दहा फोन. गडी वर चढतो, एकेक कौल काढून खाली देतो. खाली कुणीतरी हात वर करून, मान मागे टाकून उभं असतं. वर्षभराची धूळ, पाचोळा, उंदरांनी ओढून नेलेली नारळाची सोडणं, सगळं डोळ्यांत. एखाद्या कौलाखाली विंचू. फुटकी वेगळी लावायची, बारीक तडा गेलेली वाजवून ओळखायची, नवी किती लागतील त्याचा हिशेब करायचा. कौलांखालच्या लाकडी रिपा वाळवीनं पोखरल्यात का ते टोकरून बघायचं. खाऱ्या हवेनं गंजलेल्या बिजागऱ्यांना तेल. आणि हे सगळं मृगाच्या आत, नाहीतर माजघरात धार. तुम्ही सांगलीकर आहात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथं मागं काय उरलं हे तुम्हाला सांगायला नको. वरून शिरलं तरी तेच उरतं.

बंधूंचं म्हणाल तर त्यांना घर नको आहे आणि ते तसं स्पष्ट म्हणतात. तुम्हाला घर हवंय, पण दुसऱ्याच्या हातांनी. शिवाय ते सहहिस्सेदार आहेत, उद्या वाटप मागू शकतात. तुमच्या समजूत घालण्यावर त्यांचं काही अडत नाही. उताऱ्यावर तुम्हा दोघांची नावं. जिचे हात त्या छपराला लागले, तिचं नाव तिथं नाही, आणि तिला हे घर ठेवायचंय की विकायचंय, हे तुमच्या साडेतीन पानांतही नाही.

इतक्यात विचारूही नका. आत्ता विचारलंत तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणेल आणि तुम्ही तो होकार धरून बसाल.

यंदा शाकारणीला तुम्ही जा. एकटे, एसटीनं. तिला सांगलीतच राहू द्या. गिऱ्हाइकाला आणि बंधूंना कळवा, १० जूनपर्यंत थांबा. गड्याला फोन तुम्ही करायचा, कौलं तुम्ही झेलायची, गड्यांसाठी चहाही तुम्हीच ठेवायचा. परत आलात, अंगातली कणकण गेली, की तिच्यासमोर बसून विचारा. ती म्हणेल तेच बंधूंना सांगायचं, त्यात आपली भर घालायची नाही.

निघताना किल्ली तेवढी तिच्याकडे मागावी लागेल. ती घरात कुठं ठेवलेली असते हे तुम्हाला ठाऊक नाही, असं मी धरून चालते.