वडिलांच्या स्टेंटवरचं औषध संपलं की ते पुन्हा भरावं लागतं का?

तुम्ही विचारलंय: बाबांना हार्ट अटॅकनंतर औषधवाला स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती धातूची बारीक जाळी) बसवला, त्यावरचं औषध तीन-चार महिन्यांत संपतं म्हणे, मग पुढे काय? आणि औषध जाळीवरच आहे, तर वर्षभर गोळ्या कशासाठी?

पुन्हा भरावं लागत नाही. ते औषध संपावं म्हणूनच लावलेलं असतं. मी डॉक्टर नाही. गुजरातेत स्टेंट बनवणाऱ्या एका कारखान्यात कोटिंगच्या तपासणीचं काम करते. बाबांच्या गोळ्यांबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचाच, पण जाळीवरचा तो थर काय करतो हे मी सांगू शकते.

फुगा फुगवून जाळी बसवताना रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होते. ती भरून काढायला भिंतीतल्या स्नायूपेशी भराभर वाढू लागतात आणि कधीकधी इतक्या वाढतात, की जाळीच्या आत शिरून वाट पुन्हा अरुंद करतात. नुसत्या धातूच्या स्टेंटमध्ये साधारण 20 ते 30 टक्के रुग्णांना हा त्रास व्हायचा, तोही बहुतेक पहिल्या सहा-नऊ महिन्यांत. स्टेंटवरचं औषध, म्हणजे सिरोलिमस किंवा त्याच्या कुळातलं एव्हरोलिमस, या पेशींचं विभाजन रोखतं. वाढीचा जोर सुरुवातीच्या काळातच असतो, म्हणून औषधही तेवढ्याच काळापुरतं लागतं.

सिरोलिमस ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. कॅनडात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं केलं. ते लावलेला स्टेंट माणसाच्या हृदयात पहिल्यांदा बसला 1999 मध्ये, ब्राझीलमधल्या साओ पावलोत. सेहगल यांचं नाव आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

औषधाचं प्रमाण किती असतं? एका मध्यम लांबीच्या स्टेंटवर साधारण 100 ते 150 मायक्रोग्रॅम. किडनी बदललेला रुग्ण प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला हेच सिरोलिमस रोज मिलीग्रॅममध्ये पोटातून घेतो. त्यामुळे जाळीवरच्या औषधाने बाबांची प्रतिकारशक्ती खालावेल, ही भीती ठेवू नका. एवढंसं औषध पुरतं, कारण ते जिथे हवं तिथेच सुटतं. ते पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थात, मिसळून जाळीवर फवारतात, थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). पॉलिमर नसेल तर औषध बघता बघता धुऊन जाईल. पॉलिमरमुळे ते हळूहळू झिरपतं. बऱ्याच स्टेंटमध्ये सुमारे 80 टक्के औषध पहिल्या महिन्यात आणि उरलेलं पुढच्या काही महिन्यांत सुटतं.

आमचं बरंचसं काम या थरावर विश्वास ठेवता येईल का, हे पाहण्याचं. फवारणीच्या आधी आणि नंतर स्टेंटचं वजन होतं. काही नमुने 37 अंशांच्या द्रावणात ठेवून कोणत्या दिवशी किती औषध सुटलं ते मोजतात. मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती नमुन्याचा स्टेंट फुग्यावर दाबून पुन्हा फुलवतात तेव्हाची. धातू वाकतो, तसा थरही ताणला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली कुठे तडा किंवा सुटलेला पापुद्रा दिसला, तर त्या लॉटची चौकशी संपेपर्यंत तो पुढे जात नाही. तो पापुद्रा कुणाच्या तरी हृदयातल्या बारीक वाहिनीत जाऊन अडकू शकतो.

आता गोळ्या. बाबांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. स्टेंटवरचं औषध रक्त पातळ करत नाही. उलट, स्नायूपेशींना रोखताना ते वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींनाही मंदावतं. अस्तर चढेपर्यंत धातू आणि पॉलिमर रक्ताला उघडे राहतात, तिथे रक्तातल्या प्लेटलेट चिकटून गुठळी होऊ शकते आणि ती गुठळी अचानक वाहिनी बंद करते. पहिल्या पिढीच्या स्टेंटमध्ये वर्ष उलटल्यावरही अशा गुठळ्या आढळल्या. 2006 च्या सुमारास जगभरच्या डॉक्टरांमध्ये त्यावरून मोठी चिंता पसरली होती. नंतर जाळीच्या तारा बारीक झाल्या, पॉलिमर सुधारले, काही स्टेंटमध्ये तर पॉलिमरही काही महिन्यांनी विरघळून जातो. धोका बराच घटला, पण संपलेला नाही.

म्हणून प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत यासाठी ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरच्या गोळ्या देतात. हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर हा काळ कमीही करतात. पण ते त्यांनी ठरवायचं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून घरच्या घरी गोळी थांबवू नका. दाताच्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितली, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा, कारण त्यातल्या ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो.

हॉस्पिटलने स्टेंटचं कार्ड दिलं असेल, तर त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. त्यावर स्टेंटचं नाव, माप आणि लॉट नंबर असतो. पुढे एमआरआय किंवा दुसरी अँजिओग्राफी करायची वेळ आली तर तो लगेच लागतो.