टोमॅटो फ्रिजमध्ये नको
अगं, परसातला टोमॅटो तोडला की आधी फ्रिजकडे धावू नकोस. 12 अंशांखालच्या गारठ्यात त्याचा वास मरतो, मग मीठमसाला कितीही घाल. ओट्यावरच ठेव, देठाची बाजू खाली करून. फार पिकलेले चमचाभर तेलात मंद शिजव. त्यातलं लायकोपिन, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणारं पोषक द्रव्य, शिजवल्यावर आणि तेलासोबत अंगी जास्त लागतं. पाणी मुळीच घालू नकोस, टोमॅटोचं स्वतःचं भरपूर असतं.

झुकिनी वीतभर झाली की तोड. मीही सुरुवातीला हौसेने वाढवत बसायचे, आणि आत नुसता बियांचा भुगा! मक्याचं कणीस मात्र तोडल्या दिवशीच खा, साखरेचा स्टार्च व्हायला वेळ लागत नाही.