आधी शेपूट वाच

प्रिय लेकी,

तुझं पत्र आणि सोबतचा साप्ताहिकातल्या छोट्या जाहिरातींचा तक्ता, दोन्ही सावकाश पाहिलं. १९४९ च्या वसंतात अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या एवढ्याशा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ट्रॅक्टर विकायला काढणाऱ्यांची इतकी झुंबड का, शेतकरी बुडत होते का, आणि बुडत होते तर त्याच पानावर गडी हवेत म्हणून एवढी मागणी कशी, या कोड्यानं तू हैराण झाली आहेस. शेवटी विचारलंयस की छोट्या जाहिराती सोडून अग्रलेखांकडे वळू का. वळू नकोस. त्या तक्त्यावरून शेतकरी बुडत होते असं काहीच दिसत नाही. तू एकच ट्रॅक्टर चार-चार वेळा मोजला आहेस.

जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत, टेलिफोन नंबरानंतर, बारीक टाइपात काहीतरी असतं: ४७-३टीपी, ४९-२टीसी, नुसतं ५-टीएफसी. तू ते छपाईतला कचरा समजून तक्त्यातून गाळलंस. मी त्याला शेपूट म्हणतो, आणि माझं तुला एकच सांगणं आहे: आधी शेपूट वाच, मग जाहिरात.

पहिला आकडा म्हणजे जाहिरात ज्या अंकात सुरू झाली त्याचा क्रमांक. मधला आकडा आणि त्याच्यापुढचा ‘टी’ म्हणजे किती वेळा छापायची. ‘पी’ म्हणजे पैसे आगाऊ जमा, ‘सी’ म्हणजे खात्यावर मांडलेले, बिल नंतर. ‘टीएफ’ म्हणजे बंद करा म्हणून निरोप येईपर्यंत चालू. ही खूण वाचकासाठी नव्हतीच, ती छापखान्यातल्या माणसासाठी होती. लायनोटाइप या जुळणीच्या यंत्रावर प्रत्येक ओळ शिशाच्या एका सलग पट्टीत ओतली जाई आणि जाहिरातीच्या पट्ट्या पुढच्या आठवड्यासाठी तशाच राखून ठेवत. कुठली ठेवायची आणि कुठली वितळवायला टाकायची हे त्याला त्या शेपटीवरून कळे.

अंकाचा क्रमांक १ जानेवारीला सुरू होत नाही. साप्ताहिक ज्या महिन्यात निघालं त्या महिन्यात त्याचं नवं वर्ष धरतात, म्हणून क्रमांक ४७ कधी जुलैत येतो तर कधी फेब्रुवारीत. पहिल्या पानावरचं शीर्षक उघड आणि तिथला क्रमांक पडताळून बघ. काही वर्तमानपत्रं क्रमांकाऐवजी तारीख घालतात, आणि १२-३ हे बाराव्या अंकापासून तीन वेळा की ३ डिसेंबर, असा घोळ होतो. आकडा ३१ च्या पुढे गेलेला एकदा जरी दिसला तरी ती तारीख नाही हे नक्की. नाहीतर एकच जाहिरात धरून सलग चार अंक चाळ, तेवढ्यात त्या पत्राची रीत कळते. प्रत्येक पत्राची रीत वेगळी असते, ती त्याच पत्रातून शिकायची.

आता तुझा ट्रॅक्टर घे. जॉन डिअर बी, रबरावर, दोन ओळींच्या कल्टिव्हेटरसह. पहिल्या दोन आठवड्यांत शेपूट ४७-२टीपी, पुढच्या दोन आठवड्यांत मजकूर तोच पण शेपूट ४९-२टीपी. म्हणजे ट्रॅक्टर एक, विकणारा एक, आणि तो दुसऱ्यांदा पैसे भरायला आला. पहिल्या खेपेला विकला गेला नाही, याचा पुरावा हा. चार आठवडे जाहिरात दिसली हा नव्हे! कारण तीन वेळांचे पैसे आगाऊ भरलेले असले तर वस्तू पहिल्याच शुक्रवारी गेली तरी जाहिरात बहुधा तिन्ही वेळा छापून येते. कळवायची तसदी कोण घेणार, पैसे थोडेच परत मिळणार? उलट टीएफ जिथे थांबते तिथे कुणीतरी मुद्दाम थांबवलेली असते, आणि त्या थांबण्याला अर्थ असतो. आधी शेपूट वाच.

आणि ‘रबरावर’ हा शब्द उगाच आलेला नाही. युद्धात टायर मिळेनात म्हणून बरेच ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर निघाले, आणि दातऱ्यांची लोखंडी चाकं पक्क्या रस्त्यावर नेता येत नसत. त्या एका शब्दावर किंमत हलायची. फोर्डचा ८एन १९४७ मध्ये बाजारात आला, नवे ट्रॅक्टर हळूहळू मिळू लागले, तेव्हा लोक युद्धाआधीचे विकून मोठे घेत होते. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या शेतांवर ट्रॅक्टरांची संख्या पहिल्यांदा घोड्या-खेचरांच्या पुढे गेली. तुझी १९४९ ची पानं त्या वाटेवरची आहेत. सामानसुमान बदलणाऱ्या माणसांना तू कंगाल ठरवत होतीस.

दरपत्रक पाहिलंस का? सदराच्या डोक्यावर चौकटीत असतं: शब्दाला इतके सेंट, पुन्हा छापली तर कमी, किमान आकार इतका, ‘बंद पेटी’साठी, म्हणजे नाव न छापता ‘उत्तर या पत्राच्या पत्त्यावर’ मागवायला, वेगळे. शब्दाला पैसे पडतात म्हणून माणूस काटकसरीनं लिहितो. पण किमान आकारात पंचवीस शब्द बसत असतील आणि मजकूर चौदा शब्दांचा असेल, तर तो ‘उत्तम स्थितीत’, ‘वाजवी किंमत’ असली फुकटची भर घालतो. त्या भरीवर तू अख्खा परिच्छेद लिहिला आहेस. मर्यादेच्या आतले शब्द स्वस्त असतात आणि मर्यादा ओलांडून लिहिलेला शब्द महाग असतो. महाग शब्द कुठला ते शोध.

गाईच्या जाहिरातीत ते लगेच दिसतं. ‘गर्न्सी, मार्चमध्ये विणार, टीबी आणि बँग्जची तपासणी झालेली.’ बँग्ज म्हणजे ब्रुसेलोसिस, ज्यानं गाई गाभडतात आणि एका गाईपायी गोठाच्या गोठा नासतो. हे चार शब्द लिहायला मालक जास्तीचे पैसे मोजतो, कारण त्यांच्याशिवाय शहाणा गिऱ्हाईक दारात उभा राहत नाही. मक्याच्या जाहिरातीत कणसं की दाणे हे बघितल्याशिवाय भाव टिपू नकोस. बुशेल हे धान्याचं तिकडचं माप: कणसांचा बुशेल ७० पौंडांचा, सोललेल्या दाण्यांचा ५६ पौंडांचा, कारण ७० पौंड कणसांतून साधारण तेवढेच दाणे निघतात. तुझ्या तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात आहेत.

१९४६ च्या आधीच्या जाहिरातींत किंमत का नाही, हाही तुझा प्रश्न आहे. युद्धकाळातली सरकारी कमाल किंमत बहुतेक मालावरून उठली ती नोव्हेंबर १९४६ मध्ये. तोवर जास्त किंमत छापणं म्हणजे स्वतःहून स्वतःला पकडून देणं. म्हणून ‘बदल्यात अमुक घेईन’ अशा जाहिराती दिसतात. त्यांना भाबडी देवाणघेवाण समजू नकोस.

विजेचं बघ. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या साधारण दहातल्या एका शेतघरी वीज होती, १९५० च्या दशकाच्या मध्याला दहातल्या नऊहून जास्त घरांत. ग्रामीण विद्युतीकरणाची तार पोचायच्या आधी ज्यांना परवडे ते डेल्को-लाइटसारखा घरगुती संच बसवत: पेट्रोलवरचं इंजिन आणि दोन-दोन व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या, मिळून ३२ व्होल्ट. तार आली की हा संच, ३२ व्होल्टची इस्त्री, रेडिओ, मोटर, सगळं एका दिवसात निरुपयोगी, कारण तारेतली वीज ११०-११५ व्होल्टची आणि उलटसुलट वाहणारी. मग ते ‘विकणे’ सदरात येतं. घेणारा कोण? ज्याच्या वाटेवर अजून खांब नाहीत तो. ‘गावापासून तीन मैल उत्तरेला, अर्धा मैल पश्चिमेला’ हे पत्ते नकाशावर टाक. तिकडे जमीन मैला-मैलाच्या चौकोनांत आखलेली, त्यामुळे ठिकाण अचूक सापडतं. आणि शेपट्या लाव: सुरुवातीला एक-दोन खेपांत बंद होणारे संच पुढे टीएफवर महिनोन्‌महिने पडून राहताना दिसले, तर गिऱ्हाईक संपत आलं. तार कुठपर्यंत पोचली हे तुला कुठल्याही अग्रलेखातून इतकं नेमकं कळणार नाही, आणि तू अग्रलेखांकडे निघाली होतीस!

आता गडी. ‘विवाहित माणूस हवा, वर्षाच्या बोलीनं, घर, वीज, बाग, दूध, एक डुक्कर आणि अर्धा बैल मांसासाठी.’ तू फक्त रोख पगार टिपलास आणि म्हणालीस, पिळवणूक. असेल किंवा नसेल, पण घर, दूध आणि मांस सोडून केलेल्या हिशेबावरून ते ठरत नाही. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, मक्याच्या पट्ट्यात ते १ मार्चला बदले. जमिनीचे करार त्याच दिवशी संपत, कुटुंबंच्या कुटुंबं त्या दिवशी बिऱ्हाड हलवत. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत गडी हवेत, घर हवं, आवराआवरीचे लिलाव, सगळं एकदम फुगतं. ती दरवर्षीची भरती आहे, १९४९ ची खासियत नाही. ‘मॉडर्न घर’ लिहिलं असेल तर नव्या धाटणीचं असं समजू नकोस, नळ आणि आत न्हाणीघर-संडास आहे एवढाच अर्थ. ‘भट्टी सोडून सगळं मॉडर्न’ म्हणजे घर गरम करायची मध्यवर्ती सोय नाही. बंद पेटी जास्तीचे पैसे देऊन कोण घेतो याचा विचार कर. टेलिफोनच्या पार्टी लाइनवर एका तारेवर अनेक घरं, १४एफ२१ म्हणजे चौदावी तार आणि दोन लांब एक आखूड घंटी, आणि शेजारीण सगळं ऐकू शकते. ज्याचा आत्ताचा गडी तेच साप्ताहिक वाचतो, तो मालक नाव कसं छापेल?

पुरुष हवेत, बायका हव्यात असे वेगळे रकाने पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर वादात आले आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पिट्सबर्गच्या खटल्यात त्यांच्यावरची बंदी उचलून धरली. तो तुझ्या काळाच्या पुढचा विषय, तळटिपेत घाल.

सगळ्यात मोठी फसगत मात्र वेगळीच आहे. त्या सदरातलं सगळं गावातलं नसतं. रॉली आणि वॉटकिन्स या घरोघरी माल विकणाऱ्या कंपन्या फिरते विक्रेते शोधत, त्यांची जाहिरात ‘माणसं हवीत’मध्ये येते. पत्ता फ्रीपोर्ट, इलिनॉय किंवा विनोना, मिनेसोटा, आणि विभाग म्हणून अक्षरं-आकड्यांची लांब खूण, जेणेकरून कुठल्या पत्रातून उत्तर आलं ते कंपनीला कळावं. ती नोकरी नव्हे, माल विकत घेऊन विकायचा धंदा. पुढच्या दशकांत ‘पियानोचे उरलेले हप्ते भरणारी जबाबदार व्यक्ती हवी, पियानो गावातच बघायला मिळेल’ हा मजकूर जसाच्या तसा कितीतरी राज्यांतल्या पत्रांत सापडतो आणि पत्ता दुसऱ्याच राज्यातल्या टपालपेटीचा असतो. गावात कुणी हप्ते थकवले असा निष्कर्ष त्यावरून काढायचा नाही. आणि ज्या ओळींना शेपूटच नाही, ‘जुनी वर्तमानपत्रं या कार्यालयात मिळतील’, ‘शिकारीस मनाईच्या पाट्या तयार’, त्या बहुधा संपादकानं रकाना भरायला घातलेल्या घरच्या ओळी. पैसे कुणी दिले नाहीत, म्हणून शेपूट नाही. बघ, पुन्हा तिथेच आलो.

मी शेपटीवर अडून बसतो असं तुझे मार्गदर्शकही म्हणत असतील. बसतो, आणि का ते सांगतो. ही साप्ताहिकं बंद पडली किंवा विकली गेली तेव्हा त्यांच्या रोजकीर्दी आणि जाहिरातीच्या चिठ्ठ्या बहुतेक ठिकाणी कुणी राखल्या नाहीत. कुणी पैसे दिले, किती दिले, कधी थांबवलं, या व्यवहाराची उरलेली पावती म्हणजे ती दोन-चार अक्षरं. मला याची फार हळहळ वाटते. बांधीव खंडांचे फोटो घेताना आतली कड शिवणीत गेली आणि कित्येक पानांवर रकान्याच्या उजव्या टोकाला असलेल्या शेपट्या कायमच्या तुटल्या. जे उरलंय तेही तू गाळणार असशील तर मी चिडणारच.

म्हणून यंत्रानं पानाच्या चित्रावरून ओळखलेल्या, शोधता येणाऱ्या मजकुरावर विसंबू नकोस. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या किंवा राज्यांच्या संग्रहात पानाचं चित्र उघडून वाच, कारण यंत्र टीएफचं इफ करतं आणि आकडे खाऊन टाकतं. ‘वर्गवारीला उशीर झालेल्या’ जाहिरातींचं वेगळं सदर दुसऱ्याच पानावर असतं, कधी पहिल्याही. गुरुवारच्या अंकासाठी मंगळवार-बुधवारची मुदत ज्यांची चुकली ते तिथे. पुढच्या अंकात त्या नेहमीच्या जागी जातात आणि शेपटीतला आकडा मागच्या अंकाचा राहतो. आकडा जुळत नाही म्हणून बिचकू नकोस, मागच्या अंकाची बाकीची पानं शोध.

तक्ता फाडू नकोस, त्यात तीन रकाने वाढव: सुरुवातीचा अंक, किती वेळा, पी की सी की टीएफ. ओळ दर वेळच्या छापण्याला नव्हे, जाहिरातीच्या पहिल्या सुरुवातीला एक द्यायची. नूतनीकरण झालं तर त्याच ओळीत नोंद, आणि किंमत उतरली असेल तर तीही. फेब्रुवारी ते एप्रिल १९४९ एवढंच आधी कर, आणि शेजारी १९४८ चे तेच महिने. ४७ व्या अंकाच्या पहिल्या पानाचं शीर्षक आणि जाहिरातींच्या पानाचं चित्र मला पाठव. त्यात १२-३ अशी एक शेपूट तू लाल केली आहेस, ती मला तारीख वाटत नाही.

तुझा,
सर