मास्तर, मिस्त्री आणि मिनिस्टर

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘घर बांधणारा मिस्त्री आणि शाळेतला मास्तर हे मुळात एकच शब्द आहेत, असे ऐकले. ते खरे आहे का? तसे असेल तर मंत्री आणि मिनिस्टर हेही एका मुळाचे मानावेत का? आमच्याकडे कोकणात काही घरांचे आडनाव मेस्त्री आहे. ते मिस्त्रीचे अशुद्ध रूप समजायचे का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आहे. तिसऱ्याचे उत्तर या दोहोंचा उलगडा झाला की सहज देता येईल, म्हणून ते शेवटी देतो.

मास्तर आणि मिस्त्री या दोघांचा पूर्वज म्हणजे ‘मागिस्तेर’ हा लॅटिन शब्द. लॅटिनमध्ये ‘मागिस’ म्हणजे ‘अधिक’. त्याला ‘-तेर’ हा प्रत्यय लागून ‘दोघांमधला जो अधिक, जो वरचा, तो’ असा अर्थ झाला. हा प्रत्यय आपल्याला परका नाही. संस्कृतातल्या लघुतर, उच्चतर, अन्यतर या शब्दांतला ‘-तर’ तो हाच. ‘मागिस’ हाही ‘महत्’ आणि ‘महा’ यांचा भाऊबंद आहे. लॅटिनचा ‘ग’ आणि संस्कृतचा ‘ह’ अशी जोडी आणखीही दिसते : आपण ‘अहम्’ म्हणतो तिथे लॅटिन ‘एगो’ म्हणते. येथे संस्कृतातून लॅटिन निघाली असा अर्थ कोणी काढू नये. दोन्ही भाषा एका जुन्या घराच्या वेगळ्या झालेल्या शाखा आहेत, एवढेच यावरून सिद्ध होते.

‘मागिस्तेर’ हा शब्द रोममध्ये एकटा वावरत नव्हता. त्याच्याच घडणीवर, ‘मिनुस’ म्हणजे ‘कमी’ या शब्दापासून, त्याचा जोडीदार तयार झाला होता : ‘मिनिस्तेर’, म्हणजे ‘दोघांमधला जो कमी, जो खालचा, तो’. मागिस्तेर हुकूम करणारा, शिकवणारा, पुढे चालणारा. मिनिस्तेर हाताखालचा, पानात वाढणारा, देवळात पूजेच्या वेळी हाताशी उभा राहणारा. रोमच्या सर्वाधिकाऱ्याचा, म्हणजे डिक्टेटरचा, दुय्यम अधिकारी ‘घोडदळाचा मागिस्तेर’ म्हणवला जाई आणि मुलांना अक्षरे गिरवायला लावणारा पंतोजीही मागिस्तेरच. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने बायबलच्या शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ सिद्ध केला, त्यात मत्तयाच्या विसाव्या अध्यायात हा वरचा-खालचा भेद फार नेमका उतरला आहे. ‘तुमच्यात जो मोठा होऊ पाहतो त्याने तुमचा सेवक व्हावे’ या वाक्यात ‘सेवक’ या जागी ‘मिनिस्तेर’ हाच शब्द आहे. चर्चचा सेवक तो मिनिस्टर, राजाचा सेवक तोही मिनिस्टर. राजाचा सेवक इतरांचा धनी असतो, आणि त्यामुळे खालच्या पायरीचे नाव हळूहळू वरच्या पायरीवर गेले.

आता मागिस्तेर मराठीत कसा आला ते पाहू. त्याची एक वाट समुद्राची आहे. रोमचे साम्राज्य विखुरल्यावर बोलीतली लॅटिन ठिकठिकाणी बदलत गेली. मधला ‘ग’ विरघळला, स्वर एकमेकांत मिसळले, आणि इटालियनमध्ये ‘माएस्त्रो’, फ्रेंचमध्ये ‘मेत्र’, पोर्तुगीजमध्ये ‘मेस्त्र’ अशी रूपे दिसू लागली. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला उतरले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतले, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. त्यांनी किल्ले, चर्चे, गोद्या बांधल्या. त्या कामांवर सुतारांचा, गवंड्यांचा, गलबते बांधणाऱ्यांचा जो मुख्य कारागीर असे तो त्यांच्या भाषेत ‘मेस्त्र’. तोच मराठीत मेस्त्री आणि मिस्त्री झाला. शेवटी लागलेल्या ‘ई’मुळे हा शब्द गवंडी, शिंपी, माळी, तेली यांच्या पंगतीत इतका बेमालूम बसला की तो पाहुणा आहे, हे आज सांगावे लागते. गोव्यात मात्र या शब्दाचा ‘शिक्षक’ हा अर्थही टिकला : गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना सूर आणि व्हायोलिन शिकवणारा तोही मेस्त्रच.

घराच्या दुरुस्तीचे काम चालू असताना थोडा वेळ कान देऊन उभे राहावे. ‘मिस्त्री, घमेले कुठे ठेवले?’ असे कोणी विचारतो. कोठीची चावी मागितली जाते. शनिवारी पगार होतो. यांतले मिस्त्री, घमेले, चावी आणि पगार हे चारही शब्द पोर्तुगिजांच्या हातून आलेले आणि मुळात लॅटिन आहेत. घमेले हे पोर्तुगीज ‘गामेला’, लॅटिन ‘कामेल्ला’ म्हणजे वाडगा. चावी हे लॅटिन ‘क्लाविस’. शब्दारंभीच्या ‘क्ल’चा पोर्तुगीजमध्ये ‘च’कडे झुकणारा वर्ण होतो, हा त्या भाषेचा नियमच आहे. पगार तर ‘शांत करणे’ या अर्थाच्या ‘पाकारे’ या क्रियापदापासून आला, कारण देणेकऱ्याने पैसे दिले की घेणेकरी शांत होतो. ही लॅटिन कोणी पुस्तकातून शिकवली नाही. ती कामाच्या जागी, हातातल्या वस्तूबरोबर आली. लॅटिनच्या प्रभावाविषयी बोलताना वैद्यक, कायदा आणि वनस्पतींची शास्त्रीय नावे यांचाच उल्लेख होतो, पण घमेल्यातली लॅटिन मला त्याहून मोलाची वाटते.

दुसरी वाट इंग्रजीची. तेथे हा शब्द ‘मास्टर’ झाला आणि एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा, टपाल आणि रेल्वे यांच्याबरोबर आपल्याकडे आला. मुंबई ते ठाणे ही गाडी 1853 मध्ये धावली. स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, बँडमास्तर, शिंप्याच्या दुकानातला कटिंग मास्तर ही सगळी त्यानंतरची संतती. पंतोजींची जागा मास्तरांनी घेतली. त्यांच्यापासून मराठीने मास्तरीण आणि मास्तरकी हे शब्द आपल्याच प्रत्ययांनी घडवले, आणि शब्द घरचा झाल्याची याहून चांगली खूण नसते. जुन्या उसनवारीत ‘त’ आहे (मास्तर), नव्या उसनवारीत ‘ट’ आहे (मास्टर प्लॅन, मास्टर की), हाही फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेजारच्या कन्नडमध्ये हीच दुहेरी आवक स्पष्ट दिसते : गवंडी तो ‘मेस्त्री’, शिक्षक तो ‘मेष्ट्रु’.

याच मुळाचे आणखी तीन शब्द रोजच्या वापरात आहेत. मॅजिस्ट्रेट हा ‘मागिस्तेर’पासून घडलेल्या अधिकारवाचक शब्दाचा वारस. ‘मिस्टर’ हे ‘मास्टर’चेच आघात हरवून पुसट झालेले रूप, त्यामुळे मिस्त्री आणि मिस्टर यांचे नाते खरे आहे, पण ते बाप-लेकाचे नसून चुलत भावांचे आहे. एम. ए.मधला ‘एम’ म्हणजे मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांतला ‘मागिस्तेर’. ही पदवी मिळालेल्याला शिकवण्याचा अधिकार असे.

आता मंत्री आणि मिनिस्टर. ध्वनी जुळतात, अर्थ जुळतो, आणि म्हणून ‘मंत्रीचाच अपभ्रंश मिनिस्टर’ असे ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. पण शब्दाचे कूळ चेहऱ्यावरून ठरत नाही, त्याच्या घटकांवरून ठरते. मंत्री हा ‘मंत्र’पासून, मंत्र ‘मन्’ धातूपासून. मन् म्हणजे विचार करणे. मंत्री म्हणजे सल्ला देणारा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ‘मंत्री’ हे वाकनीसाच्या पदाचे नाव होते, ते याच जुन्या परंपरेतून आलेले. मिनिस्टरमध्ये मात्र ‘मिनुस’ म्हणजे ‘कमी’ आहे. गणितातला मायनस तो हाच, आणि तासाचा ‘लहान केलेला भाग’ म्हणून मिनिट हेही त्याच घरातले. मंत्रीचा लॅटिनमधला खरा नातलग शोधायचा तर तो ‘मेन्स’, म्हणजे मन, हा आहे. ध्वनिसाम्य किती फसवते याचा दुसरा दाखला म्हणजे मिनिएचर. लहान चित्र म्हणून त्याचा संबंध ‘मिनुस’शी लावला जातो, पण तो शब्द ‘मिनिउम’पासून, म्हणजे हस्तलिखिते रंगवण्याच्या शेंदरी रंगापासून आला आहे.

मंत्री या शब्दानेही समुद्रप्रवास केला आहे, मात्र उलट दिशेने. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलय भाषेत ‘मन्तरी’ झाला. 1511 मध्ये मलाक्का घेतल्यावर पोर्तुगिजांना तो तेथे भेटला, आणि आज्ञा करणे या अर्थाच्या आपल्याच ‘मांदार’ या क्रियापदाची छाया पाडून त्यांनी त्याचा ‘मांदारीं’ केला. चिनी अधिकाऱ्यांना ते त्याच नावाने ओळखू लागले, आणि त्या अधिकाऱ्यांची भाषा ती मँडरिन. म्हणजे ‘मेस्त्र’ घेऊन आलेल्या पोर्तुगिजांनी आपला ‘मंत्री’ही युरोपला नेला.

राहिला मेस्त्री. मूळ पोर्तुगीज शब्दात ‘ए’ आहे. गोव्यात कोकणी ‘मेस्त’, सिंधुदुर्गात ‘मेस्त्री’, कन्नडमध्ये ‘मेस्त्री’, मल्याळममध्ये ‘मेस्तिरी’ अशी या ‘ए’ची साखळी पश्चिम किनाऱ्यावर खाली केरळपर्यंत सलग दिसते, ‘इ’ असलेले मिस्त्री हे रूप गुजराती, हिंदी आणि घाटावरच्या मराठीत रूढ आहे. दोन्ही रूपे शुद्ध आहेत. त्यांपैकी मुळाच्या जवळचे कोणते, असे विचाराल तर ते आपल्याकडच्या घरांनी आडनावात जपलेले मेस्त्री हेच आहे; ते बदलून मिस्त्री लिहिण्याचे काहीच कारण नाही.