अमेरिकेत नवा आलास? आधी बेसबॉल बघ

ऑफिसात खेळांच्या गप्पा निघाल्या की नुसती मान हलवत बसतोस म्हणालास. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. माझं ऐक, सुरुवात बेसबॉलपासून कर. क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्याला तो लवकर कळतो. फक्त लेग ग्लान्स विसर, मागे गेलेला चेंडू इथे फाउल, त्यावर धाव नाही. दहापैकी तीनदा हिट मारणारा फलंदाज भारी समजतात, म्हणून तो बाद झाला की हळहळू नकोस. मोसमात एका संघाचे 162 सामने, एखादा चुकला तरी बिघडत नाही. 2023 पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, घड्याळ लावलंय, ठरल्या वेळात चेंडू टाकायचाच, त्यामुळे रेंगाळणंही कमी झालं. जुने चाहते कुरकुरतात, मला आवडलं.

फुटबॉल, म्हणजे त्यांचा, हातात धरून पळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं डोक्यात ठेव. बाकी शेजारी बसलेला हौसेने सांगतो. मला मात्र त्यातल्या जाहिराती सोसत नाहीत.

पण मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉल सोडू नकोस. 68 संघ, एक हार की घरी. 2018 साली आपल्या गटात तळाच्या, सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाने अव्वल मानांकित व्हर्जिनिया विद्यापीठाला 74-54 असं लोळवलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच घडलं नव्हतं. ऑफिसात ब्रॅकेट, म्हणजे कोण कुणाला हरवेल याच्या अंदाजाचा तक्ता, भरायला देतील, तेव्हा फार अभ्यास करू नकोस. आमच्याकडे एकदा जर्सीचे रंग बघून संघ निवडणारी बाई जिंकली, आणि आकडे घोकून बसलेला मी तळाला.