कंडक्टर ऑर्केस्ट्रा चालवत नाही, मग कोण चालवतो?

आपण विचारले आहे की, संगीत वादकांसमोर उभा राहून वादन चालवणारा कंडक्टरच सांभाळत असेल, तर अमेरिकेतील लहान शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राला कार्यकारी संचालक कशासाठी लागतो, आणि हे काम वर्गात शिकवता येते का. मी मध्यपश्चिम अमेरिकेतील अशाच एका शहराच्या ऑर्केस्ट्राचे व्यवस्थापन पाहतो आणि आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यापीठात कलाव्यवस्थापन शिकवतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

आधी एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातील चित्रपटगीतांचा कार्यक्रम आठवतो. ही नोकरी लागल्याचे मी सांगलीला कळवले, तेव्हा आत्याने पहिला प्रश्न ‘गायिका कोण आहे?’ असा केला होता. येथे अभिप्रेत आहे तो साठ-सत्तर वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद. तो ना-नफा संस्था म्हणून नोंदलेला असतो आणि त्याचे विश्वस्त मंडळ दोन माणसे नेमते. काय वाजवायचे आणि कसे, हे संगीत संचालक ठरवतो, व तोच बहुधा कंडक्टर असतो. बाकीचे सर्व कार्यकारी संचालकाकडे येते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा वरिष्ठ नसल्यामुळे भांडणाला जागा भरपूर असते.

न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या मोठ्या वाद्यवृंदांतील वादकांना वार्षिक पगार असतो. आमच्यासारख्या प्रादेशिक वाद्यवृंदांत बहुतेकांना ‘सर्व्हिस’प्रमाणे, म्हणजे प्रत्येक तालमीचे किंवा कार्यक्रमाचे साधारण अडीच तास धरून, मोबदला मिळतो. पोट भरण्यासाठी एकच व्हायोलिनवादक तीन-चार शहरांच्या वाद्यवृंदांत वाजवतो आणि त्याचे निम्मे आयुष्य महामार्गावर जाते. या जीवनाला इथे थट्टेने ‘फ्रीवे फिलहार्मोनिक’ म्हणतात. या वादकांची कामगार संघटना असते, आणि तिच्याशी झालेल्या करारात विश्रांतीची मिनिटे, ओव्हरटाइम, प्रवासखर्च, एवढेच काय, उघड्यावरील कार्यक्रमासाठी किमान तापमानही लिहिलेले असू शकते. माझ्या पहिल्याच हंगामात पाहुण्या एकलवादकाने तालमीच्या शेवटी अखेरचा भाग पुन्हा घेण्याची इच्छा दर्शवली. मी सभागृहात बसून ते वादन रसिकासारखा ऐकत राहिलो, आणि वेळ बारा मिनिटांनी उलटली. वादकांची हजेरी पाहणारा आमचा सहकारी घड्याळ हातात धरून कडेला उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी हिशेब आल्यावर कळला. त्या बारा मिनिटांच्या ओव्हरटाइममध्ये हंगामाच्या माहितीपत्रकाची छपाई झाली असती. उठून थांबवण्याचे काम माझे होते, कंडक्टरचे नव्हे.

हा खर्च कमी का होत नाही, याचे उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दिले. चार तंतुवादकांची एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. इतर धंद्यांत यंत्रांमुळे उत्पादन वाढते व त्याबरोबर पगारही वाढतात, वादकांनाही त्या जगातच राहायचे असल्याने त्यांचे मोबदले वाढवावे लागतात, पण संगीत मात्र तेवढेच निघते. योगायोग असा की त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनने ६१ वाद्यवृंदांना ८ कोटी २ लाख डॉलर दिले. वादकांना अधिक मोबदला आणि अधिक लांब हंगाम मिळावा, हा उद्देश चांगलाच होता. माझ्या मते, त्यातून वाढलेला खर्च कायमचा राहिला आणि श्रोते त्या प्रमाणात वाढले नाहीत. वर्गात या विषयावर दरवर्षी वाद होतो आणि मी तो होऊ देतो.

तिकिटांतून आमचा निम्माही खर्च निघत नाही. सरकारी मदत अल्प असते, म्हणून उरलेले देणगीदारांकडून येते. ते आटले की काय होते, हे सिरॅक्यूजमध्ये २०११ साली आणि सॅन अँटोनिओमध्ये २०२२ साली दिसले. दोन्हीकडचे जुने सिम्फनी वाद्यवृंद बंद पडले. सिरॅक्यूजच्या वादकांनी पुढे सहकारी तत्त्वावर नवा वाद्यवृंद उभा केला. सहकाराचे नाव निघाले की सांगलीच्या माणसाचे कान टवकारतातच, त्यामुळे ते प्रकरण मी अंमळ जास्तच वेळ शिकवतो.

शिकवता काय येते, तर हिशेब आणि वेळापत्रक. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत तीन ट्रोम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही वाद्ये फक्त शेवटच्या भागात वाजतात. त्यांचे वादक पहिले तीन भाग नुसते बसून असतात. मी विद्यार्थ्यांना ही रचना, बाराशे खुर्च्यांचे सभागृह आणि चार तालमी देतो व अंदाजपत्रक मागतो. बहुतेक जण पाचही वादकांना प्रत्येक तालमीला बोलावतात. शेवटचा भाग दोनच तालमींत, तोही आरंभी, ठेवला तर पाच वादकांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे दहा सर्व्हिसचे पैसे वाचतात, हे ज्याच्या लक्षात येते त्याने कंडक्टरला तसे करायला राजी कसे करायचे, हा पुढचा प्रश्न असतो. त्या गुणांची बेरीज मी अजून नीट करू शकलेलो नाही.

देणगी मागणे मात्र मला वर्गात शिकवता आलेले नाही. मी ते शिकलो मंडळाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन गल्लीत फिरताना: आकडा स्पष्ट सांगायचा आणि मग गप्प राहायचे. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव रंगवतात, तसे इथे पहिल्या बासरीवादकाच्या ‘खुर्ची’ला, म्हणजे पदाला, दात्याचे नाव देतात, फरक रकमेचा आहे, स्वभावाचा नाही.

आपण पुण्याहून या अभ्यासक्रमाचा विचार करत असाल, तर मुंबईत एन.सी.पी.ए.चा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचा) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. तिथे किंवा अन्यत्र, वाद्यवृंदाच्या ग्रंथपालाच्या हाताखाली एक हंगाम काम करण्याची संधी मिळाली, तर ती आधी घ्यावी. कोणते स्वरलेखन विकत मिळते, कोणते केवळ भाड्याने येते, आणि व्हायोलिनच्या गजाच्या खुणा सोळा प्रतींवर पेन्सिलीने कोण उतरवतो, हे माहीत असलेला विद्यार्थी माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात ओळखू येतो.